चलनातील नाणी धातूसाठी साठवून ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातूसाठी नाणी साठवणे म्हणजे नेमके काय?

चलनातील प्रत्येक नाण्याला दोन किमती असतात. एक त्याच्यावर छापलेली, म्हणजे दर्शनी किंमत. आणि दुसरी त्यातील तांबे, निकेल, जस्त किंवा चांदी यांची बाजारभावाने होणारी किंमत, म्हणजे धातुमूल्य. एरवी धातुमूल्य दर्शनी किमतीच्या बरेच खाली असते आणि कोणी त्याचा विचारही करत नाही. परंतु धातूंचे भाव चढले, किंवा महागाईमुळे छापील आकड्याचेच मोल उतरले, की एखादे साधे नाणे आपल्या आकड्यापेक्षा अधिक किमतीचे होऊन बसते. अशी नाणी दर्शनी किमतीला मिळवायची, निवडून वेगळी काढायची आणि पुढेमागे धातूच्या भावाने विकता येतील या अपेक्षेने ठेवून द्यायची, यालाच येथे साठवण म्हटले आहे. दुर्मीळ नाण्यांचा छंद हा निराळा विषय आहे. तेथे किंमत ठरते ती साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची अवस्था यांवरून; येथे नाणे कितीही झिजलेले असले तरी चालते, कारण मोजायचे असते ते फक्त वजन.

दर्शनी किमतीपेक्षा महाग पडणारी नाणी सरकार पाडतेच कशाला?

नाणे पाडण्याचा खर्च आणि नाण्याची छापील किंमत यांतील फरक हा टांकसाळीचा नफा असतो, आणि मोठ्या किमतीच्या नाण्यांवर तो आजही भरपूर मिळतो. तोटा होतो तो तळाच्या एकदोन नाण्यांवर. धातूंचे भाव वाढत राहतात, छापील आकडा मात्र बदलता येत नाही, आणि नाणे बदलायचे म्हटले की तिकीटयंत्रांपासून मोजणीयंत्रांपर्यंत सगळेच बदलावे लागते, म्हणून सरकारे हा निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. अमेरिकेच्या टांकसाळीला २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचे नाणे ३.६९ सेंटला आणि पाच सेंटचे नाणे १३.७८ सेंटला पडले. एक सेंटचे चलनी नाणे पाडणे तेथे अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबले. कॅनडाने तोच निर्णय २०१२ मध्ये घेतला होता.

या आकड्यांवरून एक गैरसमज फार पसरतो, तो येथेच दूर केलेला बरा. नाणे पाडण्याचा खर्च म्हणजे धातुमूल्य नव्हे. त्या १३.७८ सेंटमध्ये मजुरी, यंत्रे, ठसे, वाहतूक आणि व्यवस्थापन हे सगळे आले. नाणे वितळवणाऱ्याच्या हाती त्यातले काहीही येत नाही. घडणावळ दागिना मोडताना परत मिळत नाही, तसेच हे आहे. 'सरकारला पाच सेंटचे नाणे तेरा सेंटला पडते, म्हणून ते साठवा' असा सल्ला कोणी देत असेल, तर त्याने हिशेबच चुकीच्या टोकाने सुरू केला आहे.

धातुमूल्य कसे काढायचे?

त्यासाठी नाण्याचे वजन, मिश्रणाचे प्रमाण आणि त्या दिवशीचे धातूचे भाव या तीन गोष्टी लागतात. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे, ज्याला तेथे 'निकेल' म्हणतात, बरोबर ५ ग्रॅम वजनाचे असते आणि त्यात ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल असते. म्हणजे नावाने निकेल असले तरी ते तीन हिस्से तांब्याचेच आहे : ३.७५ ग्रॅम तांबे आणि १.२५ ग्रॅम निकेल. उदाहरणासाठी तांब्याचा भाव टनाला ९,००० डॉलर आणि निकेलचा १६,००० डॉलर धरू. टनाला ९,००० डॉलर म्हणजे ग्रॅमला ०.९ सेंट, आणि १६,००० डॉलर म्हणजे ग्रॅमला १.६ सेंट. तांब्याचे ३.३७५ सेंट आणि निकेलचे २ सेंट मिळून सुमारे ५.४ सेंट होतात. दर्शनी किमतीपेक्षा जेमतेम अर्धा सेंट अधिक.

आता तेथील जुने एक सेंटचे नाणे घेऊ. त्याचे वजन ३.११ ग्रॅम आणि त्यात ९५ टक्के तांबे, म्हणजे २.९५ ग्रॅम. वरच्याच भावाने नुसते तांबे २.६६ सेंटचे भरते. हे अडीच पटींहून अधिक झाले, आणि म्हणूनच साठवणाऱ्यांचा सगळ्यात मोठा ओढा या नाण्याकडे असतो.

भाव किती झपाट्याने बदलतात, हेही याच हिशेबातून दिसते. मे २००७ मध्ये निकेल टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेले होते. तेव्हा पाच सेंटच्या नाण्यात नऊ सेंटांहून अधिक धातू होता. २००८ सरताना तांबे ३,००० डॉलरच्या आसपास आणि निकेल १०,००० डॉलरच्या आसपास आले, आणि त्याच नाण्यातील धातू अडीच सेंटचाही उरला नाही. मार्च २०२२ मध्ये तर लंडनच्या धातुबाजारात निकेलने एका दिवशी टनाला १,००,००० डॉलरचा आकडा ओलांडला, पण बाजाराने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले. कागदावरच्या भावाने डब्यातील नाण्यांची किंमत रोज काढत बसणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

साधारणपणे कोणती नाणी साठवली जातात?

अमेरिकेत १९८२ पर्यंतची तांब्याची एक सेंटची नाणी आणि कोणत्याही सालची पाच सेंटची नाणी. पाच सेंटच्या नाण्यांत १९४२ ते १९४५ या युद्धकाळातील एक मालिका ३५ टक्के चांदीची आहे. निकेल युद्धसामग्रीसाठी हवे होते म्हणून ते नाण्यातून काढून घेतले गेले होते, आणि ही नाणी ओळखता यावीत म्हणून टांकसाळीचे अक्षर मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठ्या आकारात टाकले गेले. कॅनडात १९५५ ते १९८१ या काळातील पाच सेंटची नाणी ९९.९ टक्के शुद्ध निकेलची होती, आणि १९९६ पर्यंतची एक सेंटची नाणी ९८ टक्के तांब्याची. ब्रिटनमध्ये एक आणि दोन पेन्सची नाणी १९९२ पर्यंत कांस्याची, म्हणजे ९७ टक्के तांब्याची होती. त्यानंतर पोलादावर तांब्याचा मुलामा आला.

भारतात १९९० च्या दशकातील पाच रुपयांचे जाड, ९ ग्रॅम वजनाचे नाणे तांबे-निकेलचे होते. ते हातात घेतले की पुढच्या पोलादी नाण्यांशी असलेला फरक तोलायची गरजच पडत नाही. परंतु भारतातील कायदा याबाबतीत फार कडक आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे आणि ते वाचल्याशिवाय डबा भरायला घेऊ नये.

तांब्याचे नाणे आणि तांब्याचा मुलामा दिलेले नाणे वेगळे कसे ओळखायचे?

सगळ्यात सोपा मार्ग साल पाहण्याचा. तो पुरेसा नसेल तर लोहचुंबक. ब्रिटनची मुलाम्याची नाणी चुंबकाला लगेच चिकटतात, कांस्याची चिकटत नाहीत. कॅनडाच्या निकेलच्या नाण्यांबाबत मात्र चुंबक फसवतो, कारण शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटते आणि अलीकडची पोलादी नाणीही चिकटतात. तेथे सालच पाहावे लागते. उलट ७५-२५ प्रमाणातले तांबे-निकेल चुंबकाला अजिबात दाद देत नाही.

खरी अडचण येते ती अमेरिकेच्या १९८२ सालच्या एक सेंटच्या नाण्याची. त्या वर्षाच्या मध्यावर टांकसाळीने तांबे सोडून जस्त घेतले, त्यामुळे त्याच सालाची, दिसायला सारखीच, पण दोन वेगवेगळ्या धातूंची नाणी आहेत. जस्ताच्या नाण्यात ९७.५ टक्के जस्त असते आणि वर तांब्याचा पातळ पापुद्रा. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर एकेक नाणे ठेवत गेल्यास आकडा एक तर ३.१ येतो किंवा २.५, मधले काही येत नाही, फार तर झिजेमुळे एखादा दशांश इकडेतिकडे होतो. काटा नसेल तर कान पुरतो. बँकेतून कागदात गुंडाळून मिळणारी अशा नाण्यांची एक गुंडाळी मी फरशीवर एकेक नाणे टाकून पाहिली आहे : तांब्याचे नाणे 'टण्ण' असा थोडा रेंगाळणारा नाद देते आणि जस्ताचे नुसते 'टक्' करून गप्प होते. दहाबारा नाण्यांनंतर डोळे मिटूनही चूक होत नाही.

चांदीच्या नाण्यांसाठी कड पाहावी. अमेरिकेची १९६४ पर्यंतची दहा आणि पंचवीस सेंटची नाणी ९० टक्के चांदीची होती व त्यांची कड सलग पांढरी दिसते. १९६५ पासूनच्या थरांच्या नाण्यांत कडेला तांब्याची तांबूस रेघ दिसते. ढिगातून निवडताना साल वाचत बसण्यापेक्षा नाणी गुंडाळीत उभी लावून कडा पाहणे कितीतरी वेगाने होते.

नाणी वितळवणे कायद्याने गुन्हा आहे का?

अनेक देशांत आहे, पण कायद्याची शब्दरचना देशागणिक बदलते आणि सगळा प्रश्न त्या शब्दरचनेतच आहे.

अमेरिकेत १४ डिसेंबर २००६ पासून एक आणि पाच सेंटची नाणी वितळवण्यास, त्यांच्यावर धातूसाठी प्रक्रिया करण्यास आणि धातूसाठी ती देशाबाहेर पाठवण्यास बंदी आहे. प्रवाशाला या नाण्यांतील पाच डॉलरपर्यंतची रक्कम सोबत नेता येते. उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही बंदी या दोन नाण्यांपुरती आहे. जुनी चांदीची नाणी तेथे वितळवता येतात. ब्रिटनमध्ये १९७१ च्या नाणे कायद्यानुसार चलनात असलेले, किंवा १६ मे १९६९ नंतर चलनातून गेलेले, कोणतेही धातूचे नाणे अर्थखात्याच्या परवान्याशिवाय वितळवता किंवा तोडता येत नाही. म्हणजे नाणे रद्द झाले तरी बंदी सुटत नाही. कॅनडातही परवान्याशिवाय चलनी नाणी वितळवता येत नाहीत. जपानमध्ये १९४७ चा कायदा नाण्याला इजा करणे किंवा ते वितळवणे हाच गुन्हा ठरवतो.

वितळवायची नाहीत, नुसती ठेवायची आहेत. तरीही गुन्हा होतो का?

अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडात नुसती नाणी बाळगणे हा गुन्हा नाही. भारतात मात्र उत्तर वेगळे आहे. २०११ चा नाणे कायदा नाणे वितळवण्यास आणि नष्ट करण्यास मनाई करतोच. त्यापलीकडे जाऊन, वाजवी गरजेपेक्षा बरीच अधिक नाणी दर्शनी किमतीहून वेगळ्या किमतीला विकण्याच्या, वितळवण्याच्या किंवा नष्ट करण्याच्या हेतूने जवळ बाळगणे हाही त्यात गुन्हा ठरवला आहे. वितळवलेल्या नाण्यांचा धातू जवळ सापडणे हाही गुन्हाच. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वाजवी गरज कशाला म्हणायची, हे व्यक्तीची नाण्यांची रोजची निकड आणि तिच्या व्यवसायाचे स्वरूप पाहून ठरते. दिवसभर सुट्ट्या पैशांवर चालणाऱ्या दुकानात पोतेभर नाणी असणे आणि ज्याचा असा काही व्यवसाय नाही त्याच्या माळ्यावर तेच पोते असणे, यांत कायदा फरक करतो.

ही तरतूद २०११ मध्ये नव्याने सुचलेली नाही. सुट्ट्या नाण्यांच्या गुन्ह्यांविषयीचा १९७१ चा कायदा त्यात सामावून घेतला गेला, आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये गरजेपेक्षा अधिक नाणी जमवणे हा गुन्हा ठरवला गेला होता. त्याच वर्षी रुपयातील चांदीचा कस बारा हिश्शांपैकी अकरावरून निम्म्यावर आणला गेला आणि एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आली. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा अनेक घरांतील जुन्या डब्यांत अजून सापडतो. ते भोक धातू वाचवण्यासाठीच होते.

म्हणून इतर देशांतील सल्ला वाचून तो भारतीय नाण्यांना जसाच्या तसा लावू नये. ज्या देशात हेतू हाच गुन्ह्याचा भाग आहे, तेथे 'मी अजून काहीच वितळवलेले नाही' हा बचाव फार टिकाऊ नाही.

बंदी असताना साठवणाऱ्यांना पैसे मिळणार तरी कसे?

त्यांची सगळी भिस्त बंदी उठण्यावर असते, आणि ही आशा अगदीच निराधार नाही. अमेरिकेने १९६७ मध्ये चांदीची नाणी वितळवण्यास बंदी घातली आणि १९६९ मध्ये ती उठवली. तांबे महागल्यावर १९७४ मध्ये एक सेंटच्या नाण्यावर बंदी आली आणि १९७८ मध्ये तीही गेली. बंदीचा हेतू नाणे चलनात टिकवण्याचा असतो. नवे नाणे पुरेशा संख्येने आले, किंवा जुन्याची गरजच संपली, की तो हेतू उरत नाही. मात्र नाणे पाडणे थांबले म्हणजे बंदी आपोआप उठली असे होत नाही. त्यासाठी स्वतंत्र निर्णय लागतो, आणि तो कधी घ्यायचा हे साठवणाऱ्याच्या हाती नसते.

माझ्या मते या व्यवहाराचा गाभा इथेच आहे. तांब्याची वीट घेणारा धातू विकत घेतो. तांब्याची नाणी घेणारा धातू घेत नाही. तो एक शक्यता घेतो, आणि तिची किल्ली त्या सरकारकडे असते ज्याचा या धातूवर स्वतःचाही डोळा आहे. कॅनडाच्या टांकसाळीने २००४ पासून जुनी नाणी चलनातून पद्धतशीर वेचून त्यांतील निकेल आणि तांबे परत मिळवण्याचा कार्यक्रमच चालवला. ऑस्ट्रेलियाने १९९२ पासून एक आणि दोन सेंटची नाणी चलनातून काढून घेतली, आणि त्यांतील कांस्य २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या कांस्यपदकांसाठी वापरले. परतावा मिळाला, पण तो कोणाला, हे पाहण्याजोगे आहे.

बंदी उठेपर्यंतचा एक मार्ग म्हणजे नाणी नाणी म्हणूनच दुसऱ्या साठवणाऱ्याला विकणे. जेथे कायदा आड येत नाही तेथे असे व्यवहार दर्शनी किमतीच्या वर, पण धातुमूल्याच्या बरेच खाली होतात. घेणाराही पुन्हा तीच शक्यता विकत घेत असतो.

चांदीच्या नाण्यांनी लोकांना फायदा झाला, मग तांब्याच्या नाण्यांनी का होऊ नये?

हा या विषयातील सर्वांत प्रभावी युक्तिवाद आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. १९६५ मध्ये अमेरिकेने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी काढून टाकली, तेव्हा ज्यांनी जुनी नाणी दर्शनी किमतीला बाजूला काढली त्यांना पुढे खरोखर अनेक पटींनी फायदा झाला. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोचली तेव्हा अशी नाणी प्रचंड प्रमाणात भट्टीत गेली.

परंतु चांदी आणि तांबे यांत एक मूलभूत भेद आहे : वजनामागे किंमत. चांदीचा किलोचा भाव तांब्याच्या कितीतरी पटींनी अधिक असतो. चांदीच्या नाण्यांची मोठी रक्कम कपाटाच्या एका खणात मावते, सराफाकडे पिशवीतून नेता येते आणि तेथे तिला लगेच गिऱ्हाईक असते. तेवढ्याच किमतीच्या तांब्याच्या नाण्यांना खोली लागते आणि न्यायला मालमोटार. दुसरे असे की चांदीची नाणी न वितळवताही चांदी म्हणून विकली जातात, कारण त्यांचे वजन आणि कस जगभर माहीत असतो व ती घेणारे व्यापारी ठिकठिकाणी आहेत. तांब्याच्या नाण्याला असा बाजार जवळपास नाही. उदाहरण खरे आहे, पण ते दुसऱ्या धातूचे आहे.

बंदी उठलीच, तर भंगारात पूर्ण धातुमूल्य मिळेल का?

नाही. वरचे सगळे हिशेब शुद्ध धातूच्या घाऊक बाजारभावाने केलेले आहेत. तो भाव ठरावीक शुद्धतेच्या, टनावारी मालाचा असतो. भंगारवाला त्यातून वाहतूक, वितळवण, घट आणि स्वतःचा नफा वजा करून देतो.

जुन्या ९५ टक्के तांब्याच्या नाण्यांना त्यातल्या त्यात बरा भाव येऊ शकतो, कारण उरलेले पाच टक्के जस्त आणि कथील असते व पितळ किंवा कांसे बनवणाऱ्याला ते तसेच चालते. तांबे-निकेलची गोष्ट निराळी. हे दोन धातू एकमेकांत कोणत्याही प्रमाणात पूर्ण विरघळतात. तांबे १,०८५ अंश सेल्सियसला वितळते आणि निकेल १,४५५ अंशाला, पण म्हणून मिश्रण तापवून एक आधी निथळून घेता येते असे नाही. वेगळे करायचे तर विद्युत्-शुद्धीकरण किंवा रासायनिक प्रक्रिया लागते, आणि ती मोठ्या कारखान्यालाच परवडते. त्यामुळे पाच सेंटच्या नाण्यातील ५.४ सेंट कागदावर कितीही खरे असले, तरी एवढा बारीक फरक पहिल्या कपातीतच संपतो. जस्ताच्या नाण्यांवर तर वेळ घालवण्यातही अर्थ नाही.

किती जागा लागते आणि वजन किती होते?

पाच सेंटच्या नाण्यांत १०० डॉलर म्हणजे २,००० नाणी, म्हणजे १० किलो. तांब्याच्या एक सेंटच्या नाण्यांत तेवढीच रक्कम १०,००० नाण्यांची आणि ३१ किलोंची होते. टेक्सासमधील गुंतवणूकदार काइल बास यांनी १० लाख डॉलरची, म्हणजे २ कोटी, पाच सेंटची नाणी घेऊन ठेवल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या साठ्याचे वजन शंभर टन भरते. सामान्य घराच्या माळ्यावर किंवा लाकडी कपाटात एकाच जागी काहीशे किलो रचण्याआधी खालच्या आधाराचा विचार करावा.

वेळेचाही हिशेब धरावा. एक सेंटच्या २,५०० नाण्यांची पेटी प्रत्येकी पाच सेकंद देऊन निवडली तरी साडेतीन तास जातात, आणि हाती येते ती २५ डॉलरच्या नाण्यांतली काही मूठ. नको असलेली नाणी परत बँकेत न्यावी लागतात ते वेगळेच, आणि नाणी मोजून घेण्यासाठी अनेक बँका शुल्क आकारतात.

'नाण्याची दर्शनी किंमत कुठे जात नाही, म्हणून तोटा होऊच शकत नाही' हे खरे का?

अर्धे खरे आहे. धातूचा भाव कोसळला तरी पाच सेंटचे नाणे पाच सेंटला चालते, हा तळ खरा आहे, आणि २००८ मध्ये तो दिसलाही; तांब्याची वीट घेणाऱ्याला असा तळ नसतो. पण हा तळ स्वतःच दरवर्षी थोडा खचत असतो. दहा वर्षे डब्यात राहिलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, आणि महागाईने तिची खरेदीशक्ती कमी होते. शिवाय नाणे कायमचे वैध चलन राहील याची हमी नसते. भारतात २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिली नाहीत. त्या दिवसानंतर त्यांचा तळ शून्य झाला. वितळवण्यावर बंदी कायम आणि चलन म्हणून किंमत नाही, ही अवस्था अशक्य नाही.

साठवणीमुळे सुट्ट्या पैशांची टंचाई होते का?

होते, आणि इतिहासात ती अनेकदा झाली आहे. एकाच दर्शनी किमतीची दोन नाणी चलनात असतील, एक चांगल्या धातूचे आणि एक हिणकस, तर लोक हिणकस नाणे खर्च करतात आणि चांगले ठेवून देतात. त्यामुळे चांगले नाणे बाजारातून नाहीसे होते. याला सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी टॉमस ग्रेशॅम यांच्या नावाने ओळखतात, जरी हेच निरीक्षण कोपर्निकस यांनीही नोंदवलेले आहे. लोक यात काही कट करत नाहीत. प्रत्येक जण फक्त आपल्या खिशातले कोणते नाणे आधी द्यायचे ते ठरवतो, आणि त्या लहानशा निवडींची बेरीज टंचाईत होते.

अमेरिकी यादवी युद्धात, १८६२ च्या उन्हाळ्यात, सुटी चांदीची नाणी इतकी गायब झाली की टपाल तिकिटांना पैसे म्हणून वापरण्याची परवानगी द्यावी लागली. डिंक लावलेली तिकिटे घामेजल्या हातांत चिकटू लागली, तेव्हा ती अभ्रकाच्या झाकणाच्या चकत्यांत बसवून चालवली गेली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत शहरांनी आणि गावांनी स्वतःचे आपत्कालीन चलन छापले. १९७० च्या दशकात इटलीत मोड मिळेनाशी झाली, तेव्हा बँकांनी किरकोळ रकमांचे छोटे धनादेश काढले. टेलिफोनची टोकने आणि गोळ्याही मोड म्हणून दिल्या गेल्या. २००७ मध्ये भारतातून नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात जातात आणि तेथे त्यांच्या धातूपासून दाढीची पाती बनतात, अशा बातम्या आल्या होत्या. पूर्व भारतात तेव्हा खुर्द्याची चांगलीच चणचण होती. या शेवटच्या उदाहरणात नाणे खाऊन टाकणारा भाव भंगाराचा नव्हता, तयार वस्तूचा होता. एका नाण्यातून अनेक पाती निघत असतील तर धातुमूल्य दर्शनी किमतीच्या खाली असूनही नाणे वितळते.

आता पाडली जाणारी नाणी साठवण्यासारखी आहेत का?

धातूसाठी म्हणाल तर बहुतेक नाहीत. पोलाद स्वस्त आहे, आणि सरकारांनी ते नेमके त्यासाठीच निवडले. युरोच्या एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांत तांबे फक्त वरच्या थराला आहे. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे हा ठळक अपवाद, कारण त्याचे मिश्रण अजून बदललेले नाही.

साठवलेली नाणी धुवावीत का? ती कशी ठेवावीत?

धातूसाठी ठेवलेल्या नाण्यांना धुण्याची गरज नाही, आणि ढिगात चुकून दुर्मीळ नाणे असेल तर धुण्याने, घासण्याने त्याची किंमत जाते. कोरडी जागा पुरेशी आहे. तांबे काळवंडले किंवा त्यावर हिरवट थर आला तरी वजनात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. जस्ताच्या नाण्यांना मात्र मुलामा एका ठिकाणी फाटला की आतून फोड येतात आणि ती कुजल्यासारखी होतात. ती बाकीच्या नाण्यांत ठेवू नयेत.

घरात वारशाने आलेला जुन्या नाण्यांचा डबा आहे. काय करावे?

आधी काहीही विकू नये आणि काहीही घासू नये. देश आणि साल यांनुसार ढीग करावेत, आणि कडा पाहून चांदीची शक्यता असलेली नाणी वेगळी काढावीत. बहुतेक वेळा डब्यातील निम्म्याहून अधिक किंमत त्या मूठभर नाण्यांत असते. ती एखाद्या जाणत्या नाणेतज्ज्ञाला दाखवावीत, कारण काही साले चांदीच्या भावापेक्षा पुष्कळ अधिक किमतीची असतात. जी नाणी अजून वैध चलन आहेत आणि धातूनेही साधी आहेत, ती बँकेत भरावीत. चलनातून गेलेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नाणी भंगारात देण्यापूर्वी त्या देशाचा कायदा पाहावा, आणि शंका असेल तर ती आहेत तशी डब्यात राहू द्यावीत. आठवण म्हणून काही नाणी घरात ठेवणे आणि वितळवण्यासाठी पोती भरणे यांत कोणताही कायदा गल्लत करत नाही.